पाठचा

सव्वीस वर्षं मी त्यांच्या पाठी पाहिल्या.
चेहरे तुम्ही पाहिलेत, तिकीट काढून.
मला ड्रमच्या मागून दिसायचा
गुंडेगाचा खांदा, बेस गिटारचा पट्टा रुतलेला,
आणि विस्वाल्डिसचा शर्ट,
दुसऱ्या गाण्यापर्यंत भिजून काळा.
तो तिच्या पाठचा, सव्वा वर्षानं.
मी दोघांच्या पाठीमागे, कुणाचाच नव्हे.

लिएपायाला वारा कधी पडत नाही.
समुद्र, ट्रामचे रूळ,
आणि त्यांच्या बापाची मासे धुरावर टांगायची शेड.
तिथे पहिली तालीम, शहाऐंशीच्या मार्चात.
माइक एकच, तोही काड्यापेटीच्या कारखान्यातून
परत करायच्या बोलीवर आणलेला.
म्हणून ते गालाला गाल लावून गायले.
पुढे मासिकवाले त्याला शैली म्हणाले.
बँडचं नाव साल्स. साल्स म्हणजे मीठ.
आमच्या जाकिटांना कितीतरी वर्षं
हेरिंगचा वास यायचा, हॅम्बुर्गमध्येसुद्धा.

जे गाणं तुम्हा सगळ्यांना पाठ आहे
ते तिनं लिहिलं, रात्रपाळीत,
काड्यापेट्यांच्या पुठ्ठ्यावर, पेन्सिलीनं.
रेकॉर्डच्या कव्हरवर नावं दोघांची आली.
कंपनीनं विचारलं नाही.
त्यानं सांगितलं नाही.
मिठाचा खडा पडला तो तिथे.

आवाज चढला नाही कुणाचा.
अँटवर्पच्या बाहेर, एका पेट्रोल पंपावर
ती व्हॅनच्या पुढच्या सीटवरून उठली,
मागे अँप्लिफायरवर जाऊन बसली,
आणि नऊ वर्षं तिथेच बसली.
‘ओयार्स, त्याला सांग खिडकी लाव.’
‘ओयार्स, तिला सांग ती लागत नाही, मोडलीय.’
मध्ये हातभर अंतर. मी निरोप्या.
ब्रातिस्लाव्हा, माल्मो, पुन्हा माल्मो,
एका गावी ऐकायला अकरा माणसं आणि एक कुत्रा,
तोही मालकाचा.

आणि रात्री नऊला दिवे मंदावले
की तीच दोघं, त्याच एका माइकशी.
मी बघायचो: ओळ सुरू होण्याआधी
दोन्ही पाठी एकदमच फुगायच्या.
बायकोशेजारी एकवीस वर्षं झोपलो मी,
आमचा श्वास असा एकदाही जुळला नाही.

सोडून का गेला नाहीस, लोक विचारतात.
खाल्ल्या मिठाला जागलो, म्हणतो मी,
मग बँडचं नाव आठवून ते हसतात.
खरं सांगायचं तर
तो श्वास बघायची सवय लागली होती.

त्यांची आई गेली, फेब्रुवारीत.
जमीन इतकी गोठलेली की खणणारे दोनदा थांबले.
ते खड्ड्याच्या दोन बाजूंना.
कुणीतरी स्तोत्र फार वरच्या पट्टीत धरलं,
म्हाताऱ्यांना झेपेना.
गुंडेगानं ते खाली आणलं,
विस्वाल्डिस वरच्या सुरात येऊन मिळाला, न बघता.
संपल्यावर तो म्हणाला, मला नाही, तिला:
‘दुसऱ्या कडव्यात घाई केलीस.’
‘केली,’ ती म्हणाली.
तेवढंच.
माझी निरोप्याची नोकरी गेली.

शेवटचा कार्यक्रम आमच्याच गावी, उघड्यावर.
निम्मं गाणं वारा समुद्राकडे नेत होता.
त्या गाण्याआधी तो माइकमध्ये म्हणाला,
‘हे हिनं लिहिलंय. एकटीनं.
पुठ्ठा माझ्याकडे आहे.’
लोकांना विनोद वाटला.
मला तिची पाठ दिसत होती.
मी चार मोजले.
कुणी सुरू केलं नाही.
पुन्हा चार मोजले.

आता ड्रम विकलेत. एक झांज ठेवलीय, तडा गेलेली.
मंगळवारी शेजारची मुलगी शिकायला येते.
विचारते, वाजवताना बघायचं कुठे, हातांकडे?
पाठीकडे, मी म्हणतो.
कुणाच्या, ती विचारते,
आणि रिकाम्या भिंतीकडे बघत
काड्या उचलते.